राहत्या घरून

आमच्या पुऱ्यात एक माणूस होता, आणि मेल्यावर तुम्ही इथले की नाहीत हे तो ठरवायचा. त्याला हा अधिकार कुणी दिला, असं मी पुष्कळांना विचारलं. कुणीच दिला नव्हता. सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते नक्की कुणाचे मामा होते, तेही कुणाला सांगता आलं नाही.

वीज मंडळात ते मीटर रीडर होते. खांद्याला खाकी पिशवी, हातात बॅटरी, कानावर पेन्सिल, अशा थाटात त्यांनी उभी नोकरी आमच्या गल्ल्यांतून काढली. निवृत्त झाले आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवरचा काळा फळा त्यांनी ताब्यात घेतला. आधी फळा लिहिणारे गृहस्थ वारले, त्यांच्याच मयतीची वेळ लिहायला माणूस सापडेना, ती मामांनी लिहिली आणि उरलेला खडू चष्म्याच्या डबीत घालून खिशात टाकला. झालं, त्या दिवसापासून फळा त्यांचा.

फळ्यावर दोनच गोष्टी असायच्या. एक, नळाला पाणी कधी येणार. आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तेव्हा हे का लिहावं लागतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुसरी, कोण गेलं. मामांची सूचना तीन ओळींची. नाव, कुठून निघणार, किती वाजता. अक्षर म्हणाल तर मीटरच्या रीडिंगसारखं, एकेक सुटं, चौकटीत बसवल्यागत. मशिदीतून पुकारा झालेला असला तरी मामा फळ्यावर लिहायचेच: ‘जनाजा राहत्या घरून, असरच्या नमाजनंतर.’ त्यांनी कधी कुणाला कैलासवासी लिहिलं नाही की मरहूम लिहिलं नाही. एका सुनेने सासऱ्याच्या नावाआधी वैकुंठवासी लिहा म्हणून हट्ट धरला, तेव्हा तिला म्हणाले, "बाई, कुठं गेला ते मला म्हाईत नाय. कुठून निघनार तेवढं म्हाईत हाय. तेवढंच लिहितो."

माणूस कुठला, हे ओळखायची त्यांची एकच कसोटी होती. मीटर फिरतंय का? कुणी म्हणालं, आमचं मूळ गाव बिडकीनकडचं, तर हे लगेच तोडायचे. "मूळ झाडाला असतंय. तुला पाय हायत. दिवा कुठं लावतो ते सांग." कुणाच्याही घरी गेले की त्यांची नजर आधी यजमानाच्या तोंडाकडे जायची नाही, दाराशेजारच्या मीटरच्या पेटीकडे जायची. कुणी फ्रिज घेतला, कुणाकडे पाहुणे उतरलेत, कोणत्या घरात नवरा-बायको वेगवेगळ्या खोलीत झोपायला लागलेत, हे त्यांना युनिटांवरून कळायचं, आणि त्यातलं पहिलं आणि दुसरं ते चारचौघांत बोलून दाखवायचे. तिसरं मात्र स्वतःपाशी ठेवायचे.

मी पुण्याला शिकायला गेले आणि पहिल्या दिवाळीला घरी आले, तेव्हा त्यांनी मला भर चौकात थांबवलं.

"पाहुनी हायस का घरची?"

"मामा, घरचीच की."

"मंग तुमचे युनिटं का वाढले? घरच्या मानसानं युनिटं वाढत नसतेत."

मी केस वाळवायचं यंत्र आणलं होतं, त्याचा हा प्रताप. तिथे उभे असलेले सगळे हसले. मी अण्णांपाशी, म्हणजे माझ्या वडिलांपाशी, जाऊन थयथयाट केला. अण्णा पुऱ्यातल्या शाळेत मास्तर होते. अर्ध्या पुऱ्याला त्यांनीच पाढे घोकायला लावलेले. ते म्हणाले, "अगं, मनाला लावून घेऊ नको, तो सगळ्यांशी तसाच बोलतो." हे मात्र खरं होतं. माणूस तिरसट होता, पण तिरसटपणात त्याने भेदभाव केला नाही.

स्वतःलासुद्धा सोडलं नाही. मामा मूळचे फर्दापूरकडचे. त्यांचा थोरला भाऊ तिकडे वारला, तेव्हा सकाळच्या बसने गेले, अग्नी देऊन दुसऱ्या दिवशी परत आले, आणि पुऱ्यात कुणाला पत्ता नाही. महिनाभराने कळलं तसे लोक रागावले. आम्हाला कळवायचं नाही का, फळा तुमच्याच हातात होता ना? तर म्हणाले, "तो तिथून निघाला. हितं लिहून तुमाला कशाला बुचकळ्यात पाडू?" असल्या माणसाचं काय करायचं असतं, तुम्हीच सांगा.

आता माझं. पुणे झालं, बंगळूर झालं, सिंगापूर झालं, मग मेलबर्न. कायमचा पत्ता म्हणून फॉर्मात जी चौकट असते, तिच्यात मी प्रत्येक वेळी पुऱ्यातलं घर लिहीत आले आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटत आलं. आई गेल्यावर अण्णांना एकटं ठेवायचं नाही म्हणून मी त्यांना घेऊन गेले. ते निघाले तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. घराला कुलूप लागलं, किल्ली माझ्याकडे राहिली. नऊ वर्षं कर मी तिकडून भरला, किमान वीजबिल भरलं, पावसाळ्याआधी माणूस पाठवून गच्चीला डांबर लावून घेतलं. घर सोडलं, असं कुणी म्हणू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

अण्णांचं मात्र निराळंच. आमच्या घरापुढे ज्यांचं दुकान आहे त्या टेलरचाचांना त्यांनी गळ घातली होती, की रोज सकाळी दुकान उघडताना फळ्याचा फोटो काढून पाठवायचा. चाचांनी तो नऊ वर्षं पाठवला. फोटो यायचा तेव्हा मेलबर्नला जेवायची वेळ झालेली असायची. त्यात नुसतं पाण्याचं असेल तर अण्णा म्हणायचे, "चला, उद्या पाणी आहे," आणि भाताला हात घालायचे, जणू उद्या हंडे हेच भरणार आहेत. पण कुणी गेलं असेल तर जेवायचे नाहीत. प्रेत उठल्याशिवाय आळीत चूल पेटत नाही, ही आमच्याकडची रीत. मी सांगायचे, अण्णा, तिथे दहा वाजता निघणार म्हणजे इथे साडेतीन वाजतील, तुमची साखर उतरेल. ते घड्याळ बघत बसायचे. ताट झाकून ठेवून मीही चरफडत बसायचे, आणि मनात राग त्या चौकटीतल्या अक्षरांचा यायचा.

एकदा असाच फोटो आला. नाव अनोळखी, आडनाव तर अगदीच अनोळखी. अण्णांनी चाचांना फोन लावला. कळलं ते असं. बिडकीनच्या बाजूला नव्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा, ओडिशाचा माणूस. आमच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत आणखी तिघांबरोबर भाड्याने राहायचा, राहून दीड वर्ष झालं असेल. तापाने गेला. गावाकडे फोन लावला तर तिकडून म्हणाले, आणायची ऐपत नाही, तिथेच करा. मामांनी फळ्यावर नाव लिहिलं, आणि गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष धावत आले. हेच अध्यक्ष चौकाचौकात बॅनर लावून बसलेले, की स्थानिकांना नोकऱ्या मिळाल्याच पाहिजेत. ते मामांना म्हणाले, आपला फळा आपल्या लोकांसाठी आहे, बाहेरच्याचं नाव पुसा.

चाचा फोनवर मामांची नक्कल करून सांगत होते. "मामा बोले, त्याच्या खोलीचं मीटर मागच्या महिन्याला फिरलं. तुमच्या वरच्या मजल्याचं चार वर्षं झाले फिरलं नाय. कुनाचं पुसू?"

अध्यक्षांचा मुलगा-सून पुण्याला स्थायिक झालेले, वरचा मजला रिकामा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्ष आल्या वाटेने परत गेले. खोलीच्या अरुंद लोखंडी जिन्यावरून तिरडी खाली उतरवायला माणसं आली, खांदा द्यायला आली, आणि मेलबर्नमध्ये माझा बाप साडेतीन वाजेपर्यंत उपाशी बसला. कोण होता तो, असं मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "मला काय माहीत? मागच्या गल्लीतला होता." मी तेव्हा मामांचं कौतुक केलं होतं, हे इथे कबूल करते. दुसऱ्याच्या नाकावर टिच्चून वागणारा माणूस लांबून फार आवडतो.

अण्णा गेले ते झोपेतच गेले. तिकडच्या विधीला सात माणसं होती, त्यांतली चार माझ्या ऑफिसची, आणि चाळीस मिनिटांनी पुढच्यांची वेळ होती म्हणून आम्हाला दार दाखवलं गेलं. तेव्हाच मी ठरवलं की हे असं संपवायचं नाही. अस्थी घेऊन आले. उतरले जालना रोडवरच्या हॉटेलात, कारण घरात बोटभर धूळ, नळाचा दिवस कुठला ते ठाऊक नाही आणि मेन स्विच नऊ वर्षं बंद. दुसऱ्या दिवशी पैठणला गोदावरीत अस्थी सोडायच्या होत्या. त्याआधी सकाळीच मी चौकात गेले. एकच गोष्ट हवी होती. अण्णांचं नाव त्या फळ्यावर, एक दिवस.

मामा फळा पुसत होते. वाकले होते बरेच. मला ओळखलं.

"कळलं मला. वाईट झालं. लई चांगला मानूस, मास्तर."

"मामा, फळ्यावर लिहायचंय."

त्यांनी चष्म्याची डबी काढली, खडू घेतला. मला वाटलं, झालं काम.

"कुठून निघनार?"

"आता कुठून निघणार? तिकडेच झालं सगळं. अस्थी आणल्यात मी."

"मंग तिथल्या फळ्यावर लिहायचं."

"तिथे फळा नसतो."

"मंग मानसं कशी येत्यात?" हे त्यांनी खरोखरच नवल वाटून विचारलं, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. मी बोलायला लागले ती थांबलेच नाही. मी म्हटलं, अण्णांनी तुमच्या पुऱ्याला लिहायला-वाचायला शिकवलं. म्हटलं, तुमचा फळा बघून माझा बाप नऊ वर्षं परदेशात उपाशी बसला, आणि तुम्ही त्याला तिकडचा म्हणता? दीड वर्षाच्या भाडेकरूचं नाव लिहिलंत, ज्याच्या आईचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं, आणि ज्याने हे घर वीट वीट रचून बांधलं त्याचं नाव लिहायला हात आखडतो? पोटासाठी माणसं बाहेर जातात. गेली म्हणजे काय मेली का? हे ठरवणारे तुम्ही कोण? गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाया उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकू देत, म्हटलं.

मी दम घ्यायला थांबले तेव्हा मामा म्हणाले, "पोरी, फळा मेलेल्यासाठी नसतोय. येनाऱ्यासाठी असतोय. मास्तरचं नाव लिहिलं तर मानसं येतील. कुठं येतील?"

"कुणी यायची गरज नाही. नुसतं कळलं म्हणजे झालं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खडू परत डबीत ठेवला आणि घराकडे चालू लागले. टेलरचाचा दुकानातून बाहेर येऊन म्हणाले, "जाने दे बेटी. उनका डोकाच वैसा हाय. तू रो नक्को." मी रडत नव्हते. मी समोरच्या दुकानातून खडूचा अख्खा डबा विकत घेतला.

फळ्यावर मी अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं: मेलबर्न, ऑस्ट्रेलिया येथे दुःखद निधन. त्याखाली, मामांनी वाचावं म्हणून मोठ्या अक्षरात: राहतं घर, टेलरच्या दुकानामागे, याच पुऱ्यात. ‘राहतं’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि गाडीत बसले. पैठणला पोचेपर्यंत साठ जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. लंडनच्या चुलतभावाने लिहिलं, शेवटी काका आपल्या मातीत पोचले. घाटावर गुरुजींनी सांगितलं तसं सगळं केलं, पाण्यात उभी राहून अण्णांना सांगितलं की तुमचं नाव लागलं. चार वाजता हॉटेलात परतले. तीन रात्रींची झोप राहिलेली. फोन आवाज बंद करून ठेवला आणि आडवी झाले ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळी उठले.

फोनवर चाचांचे अकरा कॉल दिसले. मला लगेच कळलं, म्हाताऱ्याने फळा पुसला असणार. रिक्षातून जाताना मी पुन्हा सगळं मनात जुळवून ठेवलं. या वेळी दळणाच्या बायांसमोर नाही, अख्ख्या चौकासमोर बोलणार होते.

फळा पुसलेलाच होता. अण्णांच्या नावाच्या जागी मामा पाण्याचा दिवस लिहीत होते.

"माझ्या बापाचं नाव पुसायचा तुम्हाला काय अधिकार होता?"

"काम झालं, पुसलं. झालेलं ठेवत नसतो."

"कसलं काम झालं?"

ते लिहीत राहिले. चाचा गळ्यात टेप तसाच घेऊन दुकानातून आले आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. पाच वाजल्यापासून माणसं यायला लागली होती. फळ्यावर घर लिहिलंय म्हटल्यावर येणारच. बसायला येतात तशी आली, चप्पल लांब काढून, न बोलता. अण्णांच्या हाताखाली शिकलेले, डोक्याचे केस पांढरे झालेले लोक आले. अध्यक्ष आले. मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या खोलीतले तिघे पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसमधून उतरून तसेच आले. त्यांनी अण्णांना कधी पाहिलेलंही नव्हतं. आणि दाराला कुलूप. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, पोरगी पैठणहून यायची असेल, येईल आता. मंडळाच्या सतरंज्या आणून रस्त्यावर घातल्या. बायका पायरीवर टेकल्या.

आमच्याकडे बसायला आलेल्या माणसासमोर घरचं कुणीतरी बसावं लागतं. तो येतो, समोर बसतो, दोघंही गप्प राहतात, मग घरचा माणूस हात जोडतो आणि आलेला उठतो. समोर घरचंच कुणी नसेल तर उठायचं कुणाला बघून? "मगरिब हो गई, अंधेरा पड गया," चाचा म्हणाले, "कोई उठने कू तय्यार नै. मैं तेरेकू फोन पे फोन लगाऊं, तू उठातीच नै."

मी त्यांना विचारलं, मग काय झालं? चाचांनी मामांकडे बघितलं. मामांची ओळ अजून पुरी झाली नव्हती. ‘दुपारी’ मधला री त्यांनी नीट काढला, बोटाची खडूची भुकटी धोतराला पुसली.

"मानसं आली होती," ते म्हणाले. "घरचं कुनी नव्हतं. मंग मी बसलो."

कुलपाला पाठ लावून, टोपी मांडीवर घेऊन ते दोन-अडीच तास माझ्या बापाच्या उंबऱ्यावर बसले होते. एकेकाला हात जोडत होते, एकेक जण उठून जात होता. त्या वेळी मी हॉटेलात एसी लावून, अंगावर दोन पांघरुणं घेऊन झोपले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, खूप लोक होते का? ते म्हणाले, "होते." मग त्यांनी डबी खिशात टाकली आणि घराकडे निघाले, अंघोळीला. सुतक फेडायचं होतं त्यांना. मला ते एका शब्दानेही रागावले नाहीत.